दमलेले गुन्हेगार

अनुराग कश्यपच्या चित्रपटांतले गुन्हेगार दमतात. हिंदी पडद्यावरचा गुन्हेगार मरतो, पकडला जातो, आईच्या मांडीवर पश्चात्ताप करतो, क्वचित निसटूनही जातो. पण धावता धावता त्याला धाप लागली आहे, गुडघ्यांवर हात टेकून तो उभा आहे आणि थोड्याच अंतरावर त्याचा पाठलाग करणारा पोलीसही तसाच वाकून उभा आहे, हे मी कश्यपच्या, १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’च्या आधी कुठे पाहिल्याचे आठवत नाही. पोलिसांची तुकडी इम्तियाज नावाच्या संशयिताला पकडायला झोपडपट्टीत शिरते आणि तो पळतो. गटारांच्या कडेने, बोळांतून, कुणाच्या तरी घरात शिरून पलीकडून बाहेर. पहिली एक-दोन मिनिटे आपण सवयीने सरसावून बसतो, मग हे पळणे संपतच नाही. पोलीस घसरतात, ओरडतात, शिव्या देतात, थांबतात. इम्तियाजही थांबतो, कारण त्याच्याही पायांत काही उरलेले नसते. शेवटी शेवटी पाठलाग कसला, दोन थकलेल्या पक्षांनी एकाच दिशेने ओढलेले पाय. ‘स्लमडॉग मिलिअनेअर’मधला झोपडपट्टीतला पाठलाग रचताना डॅनी बॉईलने या दृश्यापासून स्फूर्ती घेतल्याचे सांगितले आहे. त्याच्या चित्रपटात मात्र मुले धावतात तेव्हा त्यांच्याबरोबर संगीत धावते, कॅमेरा धावतो आणि कुणालाच दम लागत नाही. (लहान मुलांना कुठला दम लागायला, असे त्याचे समर्थन करता येईल, पण मला ते पटत नाही.)

गुन्हा हे फार वेळखाऊ, कंटाळवाणे आणि बऱ्याचदा ओशाळवाणे काम आहे, हे कश्यपला जितके कळले आहे तितके त्याच्या पिढीतल्या कुठल्याच हिंदी दिग्दर्शकाला कळलेले नाही, असे माझे मत आहे. त्याच्या चित्रपटांतली शिवीगाळ, रक्तपात, अंधाऱ्या खोल्या यांचीच चर्चा अधिक होते. या गोष्टी इतरांनीही केल्या आणि काहींनी जास्त सफाईने केल्या. गुन्ह्यातला रिकामा वेळ, फसलेला बेत, न उडालेली गोळी, कुणाला तरी भेटायला गेल्यावर तो घरी नसणे, हे सगळे मात्र त्याचे स्वतःचे आहे. जिथे ते हातातून सुटले तिथे त्याचा चित्रपटही सुटला.

गोरखपूरला १९७२मध्ये जन्मलेला, ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये आणि दिल्लीच्या हंसराज कॉलेजात शिकलेला हा प्राणिशास्त्राचा पदवीधर १९९३मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्याच वर्षी, या शहरात आला. पुढची काही वर्षे पृथ्वी थिएटरच्या आसपास वावरण्यात आणि मालिकांसाठी लिहिण्यात गेली. मनोज बाजपेयीमुळे त्याची रामगोपाल वर्माशी गाठ पडली आणि सौरभ शुक्लाबरोबर त्याने ‘सत्या’ लिहिला. १९९८चा तो पावसाळा ज्यांनी तरुणपणी अनुभवला त्यांना भिकू म्हात्रे कोण हे सांगावे लागत नाही. टोळीचा कारभार पाहणारा हा माणूस घरी बायकोशी कडाकडा भांडतो, मार देतो आणि मारही खातो, आणि पुन्हा कामावर निघतो. गुन्हेगाराला घर असते, त्या घरात कटकटी असतात, ही जाणीव तिथूनच सुरू झाली असावी. पण ‘सत्या’ अखेर वर्माचा आहे. त्यातला वेग, त्यातली शहराबद्दलची भुरळ वर्माची आहे.

कश्यपचा स्वतःचा पहिला चित्रपट ‘पाँच’. पुण्याचा असल्यामुळे मला त्याबद्दल जरा जास्त लिहावेसे वाटते. जोशी-अभ्यंकर खून प्रकरणावर तो सैलपणे बेतलेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दहा खून केले. जवळजवळ हा सगळा काळ आणीबाणीचा. वर्तमानपत्रांत बरेच काही छापून येत नव्हते, पण विजयानगर कॉलनी आणि भांडारकर रस्ता ही नावे तोंडातोंडी शहरभर पसरली होती. माझा जन्म त्यानंतरचा. तरीही आमच्या घरात तिन्हीसांजेनंतर बेल वाजली की आधी ‘कोण आहे?’ असे विचारून, उत्तराची खात्री करून मगच कडी काढायची ही शिस्त होती आणि तिचे मूळ त्या वर्षात होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्यावर मराठीत ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट १९८६मध्ये येऊन गेला. नाना पाटेकर त्यात अंगावर काटा आणतो, पण तो चित्रपट या मुलांकडे राक्षस म्हणूनच पाहतो.

कश्यपने ही गोष्ट पुण्यातून उचलून मुंबईतल्या एका रॉक बँडमध्ये नेली. के के मेनन, आदित्य श्रीवास्तव, विजय मौर्य, जॉय फर्नांडिस आणि तेजस्विनी कोल्हापुरे अशी ती पाच माणसे. पैसे हवेत म्हणून ओळखीच्याच एका श्रीमंत मुलाच्या अपहरणाचा बनाव रचायचा, एवढाच मूळ बेत. तो फिसकटतो आणि मग पहिला खून झाकण्यासाठी दुसरा, दुसरा झाकण्यासाठी तिसरा. मूळ प्रकरणातही पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला, हॉटेलमालकाचा मुलगा होता आणि मागणी खंडणीचीच होती. मला ‘पाँच’मधले सगळ्यात खरे काय वाटते, तर या मुलांचे सोफ्यांवर, गाद्यांवर नुसते पडून राहणे. उकाडा, धूर, रिकामे खिसे, एकमेकांचा आलेला वीट. खुनाची कल्पना त्या विटातून येते. ‘हे असे का झाले’ याचे मानसशास्त्रीय उत्तर पुण्यातली वडीलमाणसे वर्षानुवर्षे शोधत होती. कश्यपने उत्तर दिलेच नाही, फक्त ती खोली दाखवली.

सेन्सॉरने चित्रपट अडवला. हिंसा, अमली पदार्थ आणि भाषा यांवर आक्षेप होते. काटछाट करून प्रमाणपत्र मिळाले तेव्हा निर्मात्याच्या अडचणी आड आल्या आणि ‘पाँच’ रीतसर चित्रगृहात कधी लागलाच नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी तो संगणकावर, हातोहाती फिरलेल्या एका अंधुक प्रतीतून पाहिला. त्या प्रतीत काळोखी दृश्यांमध्ये कोण बोलते आहे ते कळत नसे, आणि तरीही कॉलेजातली पोरे के केने केलेल्या लूकचे संवाद म्हणून दाखवत. दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट असा अफवेसारखा पसरावा, हे त्याच्या पुढच्या सगळ्या वाटचालीला धरूनच झाले.

कारण दुसराही अडकला. एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेला ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात दाखवला गेला. जानेवारी २००५मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर खटल्यातल्या आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्फोटांचा खटला चालवणाऱ्या विशेष टाडा न्यायालयाचा निकाल लागत नाही तोवर चित्रपट दाखवायचा नाही, असे ठरले, आणि अखेर ९ फेब्रुवारी २००७ रोजी तो लोकांसमोर आला. आरोपींची बाजू मला अगदीच गैर वाटत नाही. जिवंत माणसांची खरी नावे घेऊन, न्यायालयाच्या आधी, तुम्ही त्यांना पडद्यावर बॉम्ब ठेवताना दाखवता आहात. पण त्या दोन वर्षांत चित्रपटावर धूळ बसली नाही, एवढे खरे.

‘ब्लॅक फ्रायडे’ची रचना पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. चित्रपट सुरू होतो तो स्फोटांच्या आधी पोलीस ठाण्यात मार खाणाऱ्या एका माणसापासून. तो सांगतो आहे की मुंबईत मोठे स्फोट होणार आहेत, आणि त्याचे कुणी मनावर घेत नाही. मग १२ मार्च १९९३. २५७ माणसे गेली. मग तपास, लालसर उजेडातल्या चौकशीच्या खोल्या, पोलीस अधिकारी राकेश मारियांच्या भूमिकेत के के मेनन, आणि मग मध्येच चित्रपट बादशाह खान या फरारी माणसामागे निघतो. आदित्य श्रीवास्तवने केलेला हा बादशाह गावोगाव हिंडतो. कटाचा सूत्रधार टायगर मेमन पैसे पाठवील, पासपोर्ट पाठवील, दुबईला बोलावून घेईल, या आशेवर तो आज या गावात, उद्या त्या गावात. फोन लावतो, फोन लागत नाही, लागला तर पलीकडे भलताच कुणी बोलतो. लॉजची बिले, संपत आलेले पैसे, पुन्हा एक गाडी. देश हादरवणाऱ्या कटातला हा माणूस टपाल न आलेल्या नातेवाइकासारखा ताटकळतो. व्यावसायिक पटकथेत हा भाग कुणीही पहिल्या वाचनातच कापला असता, पण कटातल्या प्याद्याला आपण प्यादे आहोत हे कळते ते या वाट पाहण्यातच. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३च्या दंगली चित्रपटात फार उशिरा येतात. तोवर आपण परिणाम पाहून, आरोपी पाहून, पोलिसांचा मार पाहून थकलेलो असतो आणि मग कारण समोर ठेवले जाते. आधी दंगली दाखवल्या असत्या तर ते स्फोटांचे समर्थन वाटले असते, आणि दाखवल्याच नसत्या तर तो खोटेपणा झाला असता.

स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून कश्यपचे नाव घेतात तेव्हा हे स्वातंत्र्य नेमके कशापासूनचे, असा प्रश्न मला पडतो. बड्या कंपन्यांचा पैसा त्यानेही घेतला आहे आणि २०११मध्ये तीन भागीदारांसह ‘फँटम’ ही निर्मितीसंस्था काढून ती २०१८मध्ये बंदही केली आहे. त्याआधी ‘नो स्मोकिंग’ आपटला आणि ‘देव डी’ चालला. ‘गुलाल’ रखडत रखडत आला. हे तीन मी इथे ओलांडून जातो, कारण त्यांतला गुन्हा दुय्यम आहे. पण त्या वर्षांत त्याने एक सवय लावून घेतली : चित्रपट केव्हा प्रदर्शित होईल, होईल की नाही, याचा विचार न करता पुढचा सुरू करायचा.

‘गँग्ज ऑफ वासेपूर’ २०१२मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’मध्ये सलग दाखवला गेला. पाच तासांहून मोठा हा चित्रपट आपल्याकडे जून आणि ऑगस्टमध्ये दोन भागांत आला. धनबादचा कोळसा, तीन पिढ्यांचे वैर आणि त्या वैराशी काही देणेघेणे नसलेली सिनेमाची वेडे. संगीत स्नेहा खानवलकरचे. इंदूरच्या मराठी घरातली ही मुलगी बिहारमध्ये हिंडून, थेट त्रिनिदादला जाऊन तिथल्या भोजपुरी वळणाची गाणी ऐकून आली आणि तिने खुनांच्या मालिकेला लग्नघरातला सूर दिला. वासेपूरमधल्या बंदुका भरवशाच्या नाहीत. गावठी कट्टे हातातच फुटतात. डेफिनिट नावाचा पोरगा शमशादला मारायला मोठ्या तोऱ्यात जातो, घोडा ओढतो आणि पिस्तूल अडकते. मग मारायला आलेलाच जीव मुठीत धरून पळत सुटतो. मुळात ज्याच्या नावातच एवढी खात्री आहे त्याची ही गत. दुसरीकडे फैजल मोहसिनाचा हात धरतो तेव्हा ती त्याला आधी परवानगी विचारायला सांगते आणि घराण्याचा हा वारस रडवेला होतो. पण शेवटाकडे, घराण्याचा वैरी रामाधीर सिंग याच्या देहात गोळ्यांमागून गोळ्या रिकाम्या होत राहतात तेव्हा कश्यप स्वतःच्याच हुशारीवर भाळला आहे असे मला वाटते. तो मरून बराच वेळ झालेला असतो, फैजलही थकत नाही आणि दिग्दर्शकही.

माझ्या लेखी त्याचा सर्वोत्तम चित्रपट ‘अग्ली’. २०१३मध्ये तो कानला गेला. धूम्रपानाच्या दृश्यांखाली वैधानिक इशारा टाकायला कश्यपने नकार दिला, उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि चित्रपट भारतात यायला डिसेंबर २०१४ उजाडला. एका पडेल नटाची दहा वर्षांची मुलगी भर रस्त्यात उभ्या गाडीतून नाहीशी होते. नट आणि त्याचा कास्टिंग डिरेक्टर मित्र तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात येतात. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे गिरीश कुलकर्णी.

हे दृश्य कितीतरी मिनिटे चालते आणि त्यात मुलीचा शोध एक इंचही पुढे सरकत नाही. जाधवला कास्टिंग डिरेक्टर म्हणजे काय काम करतो ते समजून घ्यायचे असते. नटाचे खरे नाव काय, मग हे नाव का घेतले, हे हवे असते. मग येतो मोबाइलचा विषय. फोन आला की पडद्यावर फोटो दिसतो, हा फोटो कसा येतो? आधी काढून ठेवावा लागतो का? कुणाचाही ठेवता येतो का? बाप आतल्या आत फुटायला आलेला असतो आणि जाधवचा आवाज जराही चढत नाही. त्याची हिंदी मराठीच्या चालीने चालते. वाक्याच्या शेवटी तो किंचित थांबतो, समोरच्याच्या उत्तरात रस असल्यासारखे पाहतो, आणि त्या पाहण्यात ‘तुम्ही सिनेमावाले’ हा तुच्छतेचा भाव पुरेपूर असतो. आपल्यापैकी ज्याला कधी साधे पाकीट मारल्याची तक्रार नोंदवावी लागली आहे त्याला हा स्वर कानांनी ओळखता येईल. महाराष्ट्राबाहेरच्या कुठल्या नटाला हा जाधव असा जमला असता, असे मला वाटत नाही. गंमत अशी की दृश्य पाहताना आपल्याला हसू येते. मुलगी बेपत्ता आहे, प्रत्येक मिनिट मोलाचे आहे, हे माहीत असून आपण हसतो, आणि चित्रपट पुढे सरकतो तसे ते हसणे घशाशी येते. कारण नंतर त्या मुलीच्या नावाने सगळेच जण आपापला हिशेब चुकता करू लागतात. सावत्र बाप असलेला पोलीस अधिकारी, आई, मामा, मित्र. मुलीला शोधायची घाई कुणालाच उरत नाही. पोलीस ठाण्यात वाया गेलेला तो वेळ जाधवने एकट्याने घालवलेला नव्हता. शेवट इथे सांगत नाही; ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरलेले नसतील.

यानंतर लगेच, मे २०१५मध्ये, आला ‘बॉम्बे वेल्वेट’. ज्ञान प्रकाश यांच्या मुंबईवरच्या ग्रंथाचा आधार, रणबीर कपूर, अनुष्का शर्मा, श्रीलंकेत उभारलेली जुनी मुंबई, संकलनाला थेल्मा स्कूनमेकर. विषय अस्सल होता : समुद्र बुजवून जमीन तयार करणारे, त्या जमिनीचे मालक होणारे आणि त्यासाठी वापरून फेकली जाणारी माणसे. नरिमन पॉइंटच्या इमारतींखाली काय गाडले गेले, हा प्रश्न मराठी माणसाला तर जिव्हाळ्याचा. पण पडद्यावर दिसतात ते दिवे, कपडे, गाड्या आणि क्लबातली गाणी. इथला गुंड कुणाची वाट पाहत नाही, त्याची बंदूक अडकत नाही, तो दमत नाही. चित्रपट आपटला आणि तो पैशांअभावी आपटला असे म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

त्या अपयशातून ‘रमन राघव २.०’ (२०१६) निघाला. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर झोपलेल्यांना ठेचून मारणारा खरा रमन राघव १९६८च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला. गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींच्या देखरेखीखाली तपास झाला, चाळीसहून अधिक खुनांची कबुली मिळाली, मनोरुग्ण ठरल्याने फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला. त्या काळची मुंबई पुन्हा उभारण्याइतका पैसा आता हातात नव्हता, म्हणून कश्यपने गोष्ट आजच्या मुंबईत आणली आणि सुरुवातीलाच हा चित्रपट त्या रमन राघवचा नाही असे सांगून टाकले. अमृता सुभाषने केलेल्या बहिणीचा प्रसंग यातला कळस आहे. अनेक वर्षांनी भाऊ दारात उभा राहतो. तिच्या नवऱ्याला आणि मुलाला जे अजून कळायचे असते ते तिला दार उघडताच कळलेले असते, आणि तरीही घरात पाहुणा आल्यावर बाईमाणसाने जे करायचे ते ती करत राहते. तो भाग सोडला तर नवाजुद्दीन सिद्दीकीचा रमन्ना फार बोलतो आणि फार चटकदार बोलतो. खऱ्या रमन राघवबद्दल जेवढे वाचले आहे त्यात त्याचे बोलणे तुटक, असंबद्ध, कंटाळा आणणारे होते. वेड्या माणसाला तत्त्वज्ञ करण्याचा मोह कश्यपला इथे आवरला नाही.

तीच तक्रार ‘केनेडी’बद्दल. २०२३मध्ये कानला मध्यरात्रीच्या खेळांत तो दाखवला गेला, मुंबईच्या महोत्सवातही झाला आणि मग, आता नवल नाही, प्रदर्शनासाठी अडून राहिला. मेलेला समजला जाणारा एक माजी पोलीस कोरोनाच्या काळातल्या मुंबईत वरिष्ठांसाठी खून करत फिरतो. त्याला झोप येत नाही. हा माणूस खास कश्यपचा असायला हवा होता, पण चायकोव्हस्कीच्या संगीताने तो उगाच भव्य होतो. झोप न झालेल्या माणसाची चिडचिड, डोळ्यांची जळजळ, तेच तेच विसरणे, यांतले पडद्यावर फार थोडे येते.

२०२४च्या अखेरीस कश्यपने मुंबई आणि हिंदी चित्रसृष्टी सोडून दक्षिणेकडे जाण्याचे जाहीर केले. तमिळमध्ये ‘इमैक्का नोडिगल’ आणि ‘महाराजा’ या चित्रपटांत त्याने खलनायक रंगवले आहेतच, आणि तिथे त्याला मान आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. वासेपूरची गोष्ट त्याला झीशान कादरीने आणून दिली होती, स्फोटांची झैदींनी, आणि जाधवला बोलता गिरीश कुलकर्णीने केले. त्या त्या गावचा माणूस बरोबर असला की कश्यपला थांबायचे कुठे ते कळते. चेन्नईत किंवा कोचीत त्याला असा कुणी भेटला आणि तिथल्या एखाद्या पोलीस ठाण्याच्या बाकावर त्याने प्रेक्षकाला दहा मिनिटे बसवून ठेवले, तर भाषा न कळताही मी तिकीट काढीन.